चाळीस नंबरची टेस्ट

बारक्या आता चव्वेचाळीस वर्षांचा होता. दारातून जाताना मान वाकवावी लागे इतका उंच, आणि डोक्यावरचे निम्मे केस पांढरे. पण नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीनं एकदा बारक्या म्हटलं की माणूस जन्मभर बारक्याच राहतो. ऑफिसातही तेच नाव चिकटलं, कारण ताई त्याच ऑफिसात होती आणि चारचौघांत हाक मारताना तिनं कधी भीडभाड ठेवली नाही. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. दोन खोल्या, एक ओटा, आणि जेवताना बोलायला गणित. लोक म्हणायचे, यांच्या घरात भांडणसुद्धा पुराव्यासकट होत असणार. ते खरंच होतं.

कंपनी गणिताचं सॉफ्टवेअर करायची. कॉलेजातली मुलं, पूल बांधणारे इंजिनिअर, औषधांचे डोस ठरवणारे असे हजारो लोक ते वापरत. त्यातला डेरिव्हेटिव्ह काढणारा भाग, म्हणजे एखादी गोष्ट किती वेगानं बदलतेय ते सांगणारा भाग, ताईनं एकटीनं लिहिला होता. बारक्या तो तपासायचा. बहिणीनं लिहायचं आणि भावानं चुका काढायच्या, याहून सुखाची नोकरी जगात नाही, असं तो म्हणायचा. अकरा महिन्यांपूर्वी ताई गेली. त्यानंतर हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नाही.

आता कंपनीनं बाहेरून नवा भाग विकत घेतला होता. गुरुवारी पाच वाजता ताईचा भाग सगळ्या मशिनांवरून निघणार आणि नवा बसणार. त्याआधी जुन्याच्या एकेचाळीस टेस्ट रोज एकदा चालवून उत्तरं नोंदवून ठेवायची होती. साहेबांनी ते काम बारक्याकडे दिलं. "तुझ्याइतकं ते कुणाला ठाऊक आहे?" असं वर म्हणाले. साहेब वाईट नव्हते. माणूस नुसता बधिर असला की जे होतं ते झालं होतं, एवढंच.

एकेचाळीसांतली चाळीस नंबरची टेस्ट ताईची लाडकी. त्यात सॉफ्टवेअरला एक अज्ञात फंक्शन द्यायचं. एफ, आणि ते काळावर, म्हणजे टीवर अवलंबून आहे, एवढंच सांगायचं. एफ काय आहे ते सांगायचंच नाही. आणि विचारायचं, काढ याचा डेरिव्हेटिव्ह. बरोबर उत्तर एकच: एफ डॅश. म्हणजे बदलतंय खरं, पण कसं ते मला ठाऊक नाही.

"ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायचं," ताई म्हणायची. "थापा मारणारी माणसं काय कमी आहेत, त्यात आपण मशिनांची भर घालू?"

यात एकच मेख होती. एफ टीवर अवलंबून आहे ही ओळ आधी लिहावी लागे. ती राहिली तर सॉफ्टवेअर समजे, याचा काळाशी काही संबंध नाही, हा दगड. आणि दगड किती वेगानं बदलतो? शून्य. नवखे लोक ही ओळ हमखास विसरत, आणि ताई त्यांची अशी हजेरी घेई की पुन्हा जन्मात विसरू नयेत.

सोमवारी चार वाजून दहा मिनिटांनी बारक्यानं चाळीस नंबरची टेस्ट चालवली. उत्तर आलं: ०.

दुसऱ्या कुणाला ती किरकोळ चूक वाटली असती, पण हे शून्य त्याच्या ओळखीचं होतं.

अकरा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलात सहावा दिवस होता. ताईचं हृदय थकलं होतं, पण त्या दिवशी ती बरी वाटत होती. डोळे मिटून पडली होती आणि त्याचं एक बोट मुठीत धरलं होतं. उशाशी नाडीचं मशीन, त्यावर ८८ हा आकडा. चार दहाला साहेबांचा फोन आला. कुणीतरी फाइल साफ करताना ती एक ओळ उडवली होती आणि गिऱ्हाइकांना सगळीकडे शून्य येत होतं. "पाच मिनिटांचं काम आहे रे." त्यानं बोट हळूच सोडवून घेतलं, लॅपटॉप घेऊन खाली कँटीनमध्ये गेला. पाच मिनिटांची सत्तेचाळीस झाली. वर आला तेव्हा सिस्टर चादर नीट करत होत्या. "तुम्ही खाली गेलात आणि पाचच मिनिटांत झोपेत गेल्या," त्या म्हणाल्या. "काही त्रास झाला नाही. हाकसुद्धा मारली नाही."

या वाक्यांच्या आधारावर बारक्या अकरा महिने उभा होता. पाचच मिनिटांत गेली, तर मग चाळीस मिनिटं कुणी खाली बोलवायला का आलं नाही, हा प्रश्न त्याला पहिल्याच आठवड्यात पडला होता. तपासणाऱ्याच्या डोक्यात असले प्रश्न आपोआप येतात. त्यानं तो दाबून टाकला होता. काही उत्तरं कळण्यापेक्षा न कळलेली बरी, असं ताईच्या शिकवणीच्या अगदी उलट तो स्वतःला बजावत होता.

त्यानं फाइल उघडली. ओळ जागच्या जागी होती. टेस्ट पुन्हा चालवली, आणि पुन्हा एकदा. दोन्ही वेळा शून्यच. पाच वाजता शेवटची चालवली, तेव्हा एफ डॅश आलं. मशीन तापलं असेल म्हणून त्यानं सोडून दिलं.

मंगळवारी चार दहाला शून्य आलं नाही. एक राशी, म्हणजे अक्षरं-आकड्यांचं सूत्र, आली. लांबच लांब, पानामागून पान, कंसात कंस. अज्ञात फंक्शनला मशिनानं खरंखुरं उत्तर दिलं होतं.

शेजारी नवी प्रोग्रामर मुलगी बसायची. कामाला वाघ, तोंडाला त्याहून. तिनं खुर्ची सरकवत येऊन पाहिलं. "अहो, तुम्ही एफ काय आहे ते कुठंतरी सांगितलं असणार त्याला."

"मी नाही सांगितलं."

"मग त्याला स्वप्न पडलं का?" तिनं स्वतःच्या मशिनावर तीच टेस्ट चालवली. एफ डॅश. दुसऱ्या टेबलावर चालवली. एफ डॅश. ती गप्प झाली, आणि ती गप्प झालेली बारक्यानं पहिल्यांदाच पाहिली. "ताईंचा कोड तसा सरळ आहे हो," ती जरा वेळानं म्हणाली. "त्यात असं काही लपवायला जागाच नाही."

बारक्यानं राशी जपून ठेवली. पाचला थोडी मिनिटं कमी असताना टेस्ट पुन्हा चालवली, तर नुसतं एफ डॅश.

बुधवारी त्यानं त्या राशीचा आलेख काढला. शून्यापासून सुरू होणारी रेघ, बराच वेळ जवळजवळ सपाट, मग एकदम वर, मग थरथर, मग खोल खाली. आणि संपली. पुढं काहीच नाही. संपली तिथं त्यानं आकडा वाचला. एकक मिनिट धरलं तर सत्तेचाळीस.



डेरिव्हेटिव्ह फक्त बदल सांगतो. मूळ गोष्ट परत मिळवायची तर कुठल्यातरी एका क्षणाची खरी किंमत हातात लागते. ती नसेल तर रेघेचा आकार कळतो, पण ती किती उंचीवर आहे ते कळत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हे ठाऊक असतं. ती एक किंमत जगात बहुधा एकाच माणसाला आठवत होती. बारक्यानं सुरुवातीच्या जागी ८८ टाकलं.

रेघ ८८ वरून निघाली. पाच मिनिटं झाली, रेघ चालूच. दहा झाली. बाराव्या मिनिटाला ती चढायला लागली. शंभर, एकशे वीस, एकशे चाळीस. तिथंच अर्धा तास ती धडपडत राहिली, आणि मग पंचेचाळिसाव्या मिनिटाला शून्यावर आली, ती संपेपर्यंत तिथंच राहिली. तो जिना चढत होता तेव्हा.

झोपलेल्या माणसाची नाडी अशी धावत नाही.

संध्याकाळी तो हॉस्पिटलात गेला. सिस्टरांना त्यानं कॉरिडॉरमध्येच गाठलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ म्हणाला, "ती पाच मिनिटांत गेली नाही. बाराव्या मिनिटाला जागी झाली. खरं की खोटं?"

सिस्टरांच्या हातात औषधांचा ट्रे होता. तो त्यांनी खिडकीत ठेवला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"खरं की खोटं?"

"खरं," त्या म्हणाल्या. "जाग्या झाल्या आणि हात चाचपायला लागल्या. तुम्हाला हाका मारत होत्या. बारक्या, बारक्या. मला आधी वाटलं, लहान मूल आहे कुणी. डॉक्टर आले, जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. तुमचा फोन सारखा एंगेज. माणूस पाठवला तो तुम्हाला बाहेर बागेत शोधत बसला, कँटीन कुणाच्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "तुम्ही धावत आलात ना, तेव्हा तुमचं तोंड बघून मला खरं बोलवेना हो. देवाशपथ, तुमच्या भल्यासाठीच बोलले."

बारक्या ओरडला. आयुष्यात तो असा कुणावर ओरडला नव्हता. तुम्हाला कुणी अधिकार दिला, वगैरे. वॉर्डातली माणसं दारात येऊन बघायला लागली, तेव्हा तो पाठ फिरवून निघून गेला. घरी जाऊन तिच्या खाटेवर बसला आणि पोटभर रडला. शेजाऱ्यांना ऐकू जाईल याची त्याला त्या दिवशी लाज वाटली नाही.

गुरुवार उजाडला. बरोबर चार दहाला त्यानं चाळीस नंबरची टेस्ट शेवटची चालवली.

आज शून्य नव्हतं. राशी नव्हती. नुसता एक आकडा आला: ८८.

तो पाहत असतानाच ८७ झाला. मग पुन्हा ८८.

टेस्टचं उत्तर एकदा आलं की हलत नाही. हे हलत होतं. बारक्या नव्या मुलीला बोलवायला उठला. ८८ चे ९६ झाले. तो थबकला, खाली बसला. ९३. ९०. ८८.

ताईचा एक नियम होता. एकदा दिसलं तो भास, दोनदा दिसलं तो योगायोग, तिसऱ्यांदा दिसलं तर वहीत लिही. वीस वर्षांत त्यानं तो मोडला नव्हता.

तो पुन्हा उभा राहिला आणि दोन पावलं मागं गेला. १०४. ११०. बसला. हळूहळू ८८.

तिसऱ्यांदा तो दारापर्यंत गेला. हात दाराच्या मुठीवर ठेवून त्यानं वळून पाहिलं. इतक्या लांबूनही आकडा दिसत होता. १३१. १३८. १४२.

आणि मग त्याला कळलं की आपण काय करतोय. खात्री करून घ्यायला म्हणून तो तिला तीनदा सोडून गेला होता.

तो धावत परत आला. खुर्ची कलंडली, ती उचलून बसला. या वेळी आकडा लवकर खाली येईना. "आहे," तो म्हणाला. "आहे गं. इथंच आहे." नवी मुलगी बघत होती. बघेना का.

१२०. १०५. ९४.

फोन वाजला. साहेब. त्यानं घेतला नाही. पुन्हा वाजला.

नवी मुलगी उठून आली. "साहेब खाली बोलावतायत. नव्या भागाची माणसं आलीयत. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले."

"सांग त्यांना, नाही येणार."

"चिडतील हो."

"चिडू दे."

ती काहीतरी विचारणार होती, पण पडद्याकडे बघून तिनं तोंड मिटलं. टेबलावरच्या भांड्यात पाणी ओतून त्याच्याजवळ ठेवलं आणि आपल्या जागेवर गेली.

८८. ८६.

त्यानं तळहात मशिनाच्या कडेला टेकवला. ते कोमट होतं. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजायला लागला. तो हलला नाही. पाय बधिर झाले, पाठ धरली, तरी हलला नाही.

८०.

बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

७१. ६०.

आज रेघ धडपडत नव्हती. चढाव नव्हता, थरथर नव्हती. जिना उतरताना माणूस कठड्याला धरून उतरतो तसा आकडा एकेक पायरी खाली येत होता.

४२.

"जा," बारक्या म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तो हात उचलेना. "घाबरू नकोस."

२०.

९.

चार सत्तावन्नला शून्य झालं.

मग शून्यही गेलं, आणि त्या जागी नेहमीचं, बरोबर उत्तर आलं. एफ डॅश.

पाच वाजता नवा भाग बसला. बारक्यानं चाळीस नंबरची टेस्ट त्यावर चालवली. एफ डॅश. त्यानं वहीत 'बरोबर' लिहिलं, साहेबांचं जे काय ऐकायचं होतं ते उभ्यानं ऐकून घेतलं, आणि तडक हॉस्पिटलची वाट धरली. काल त्या बाईवर आपण तोंड सोडलं, याची त्याला खूप लाज वाटत होती. माफी मागितल्याशिवाय घशाखाली घास उतरला नसता.

सिस्टर औषधांच्या खोलीत बाटल्या लावत होत्या. त्याला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई, तुम्ही! किती दिवसांनी! बरे आहात ना?"

"काल मी जे बोललो," बारक्या म्हणाला, "त्याबद्दल माफ करा. तुम्ही माझ्यासाठीच खोटं बोललात. मला ते कळायला हवं होतं."

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. "काल? काल कुठं आला होतात? तुमची ताई गेल्यापासून आज पहिल्यांदा बघतेय मी तुम्हाला. अकरा महिने झाले असतील की." त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "आणि खोटं कसलं?"

"ती गेली तेव्हा," बारक्या म्हणाला, "मी खाली कँटीनमध्ये होतो."

"छे हो! काय बोलता?" सिस्टर जवळ आल्या आणि त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. दुःखानं भ्रमलेल्या माणसाशी बोलावं तशा हळू आवाजात त्या बोलायला लागल्या. "तुम्ही होतात की तिथंच. हात धरून बसला होतात. फोन वाजत होता तुमचा, सारखा. मीच म्हटलं, बंद तरी करा, नाहीतर बाहेर जाऊन बोला. तुम्ही ढिम्म हलला नाहीत. आम्ही सगळ्या अजून सांगतो एकमेकींना, भाऊ असावा तर असा. किती शांत गेल्या त्या."

बारक्यानं डोळे मिटले. कँटीन आठवलं. टेबलाचा डगमगता पाय आठवला, उडालेली ओळ, साहेबांचा फोनवरचा आवाज. जिना आठवला, पायरीन् पायरी. तिचा हात आठवेना. आपलं बोट आपण सोडवून घेतलं, तिथपर्यंत सगळं लख्ख होतं, आणि त्यापुढं ती कुठंच नव्हती.

"सिस्टर," तो म्हणाला, "ती काही बोलली का? शेवटी?"

"बोलल्या ना. बराच वेळ बोलत होत्या."

"काय बोलली?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही वाकला होतात. तुमच्या कानात बोलल्या त्या."